नथीचे सात ठिपके

सात ठिपके. त्यांतले तीन पांढरे, एक गुलाबी, दोन सोनेरी आणि एक गडद तपकिरी. संगणकाच्या पडद्यावर आठपट मोठे करून पाहिले, तर फरशीचे उरलेसुरले तुकडे वाटतात. मूळ आकारावर आणले की त्यांची नथ होते. मोत्यांची, मधे खडा असलेली, नाकपुडीवर झुललेली नथ. एका रविवारी दुपारभर मी हे मोठं-लहान, मोठं-लहान करत बसले होते. दर वेळी तुकड्यांची नथ होताना मला तितकंच नवल वाटत होतं.

आमचं घर अटलांटाच्या उत्तरेला, अल्फारेटात. जॉर्जिया ४०० या महामार्गाच्या दोन्ही अंगांना सॉफ्टवेअर कंपन्यांची कार्यालयं आहेत. भारतीय कुटुंबं तर इतकी, की किराणा दुकानात मराठी कानावर पडलं तरी कुणी चमकून मान वळवत नाही. माझ्या बारा वर्षांच्या लेकीला मराठी शाळेच्या ऑनलाइन वर्गात आपल्या नावाशेजारी लावायला एक छोटं चित्र हवं होतं. आपण ज्याला डीपी म्हणतो, तेच. मर्यादा एवढीच, की ते शंभर ठिपके रुंद आणि शंभर ठिपके उंच असावं. तिनं गौरीच्या दिवशीचा फोटो निवडला. सावंतवाडीहून आजी आली होती. तिनं आपली चापाची नथ नातीच्या नाकाला लावून दिली होती आणि खणाचं परकर-पोलकं नेसलेली लेक गौरीशेजारी ताठ उभी होती.

फोनमधला तो फोटो ३,०२४ ठिपके रुंद आणि ४,०३२ ठिपके उंच. म्हणजे एक कोटी एकवीस लाखांहून जास्त ठिपके. ‘पिक्सेल’ हा शब्द १९६५ साली अमेरिकेच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतल्या फ्रेडरिक बिलिंग्जली यांच्या लेखातून पहिल्यांदा छापला गेला. चित्राचा घटक, एवढाच त्याचा अर्थ. मला मात्र ‘ठिपका’च आवडतो. ज्यांनी दारात ठिपके मांडून रांगोळी काढलेली आहे, त्यांना ठिपक्यांच्या जाळीतून मोर कसा उभा राहतो हे निराळं समजावून सांगावं लागत नाही.

आम्ही जिम्प उघडलं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये लोकांसमोर आणलेला हा चित्रसंपादक आजही फुकट मिळतो. लेकीनं फोटो चौकोनी कापला, रुंदीच्या जागी शंभर लिहिलं आणि कळ दाबली. क्षणात ९१ लाख ४४ हजार ठिपक्यांचे दहा हजार झाले. दर नऊशे चौदा ठिपक्यांच्या जागी एकच उरला. तिचा चेहरा जेमतेम दहा ठिपके रुंद राहिला आणि आजीची नथ एका मळकट ठिपक्यात विरघळून गेली.

“आई, नथ गेली,” ती हिरमुसून म्हणाली. मग जरा मागे सरकून पडद्याकडे बघत म्हणाली, “पण मी मीच दिसतेय.”

खरंच तसं होतं. दहा ठिपक्यांच्या त्या चेहऱ्याला धड डोळे नव्हते, ओठांची जागा म्हणजे एक लालसर डाग. तरी ती तीच होती. शेजारच्या मुलीचा फोटो तितकाच लहान केला असता, तर तो निराळा ओळखता आला असता. हे कसं होतं?

मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पवन सिन्हा नावाचे मूळचे भारतीय शास्त्रज्ञ आहेत. माणूस चेहरा कसा ओळखतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की ओळखीचा चेहरा सात ठिपके रुंद आणि दहा ठिपके उंच इतका बारका केला, तरी लोक पुष्कळदा तो ओळखतात. सत्तर ठिपके! मुठीत मावतील एवढे हरभरे. त्यांच्याच गटाचा २००३ सालचा एक प्रयोग मला त्याहून विलक्षण वाटतो. त्यांनी प्रसिद्ध लोकांच्या फोटोंतून एकदा डोळे पुसले आणि एकदा भुवया पुसल्या. आपण म्हणू, डोळे गेले की माणूस ओळखू येणार नाही. झालं उलटंच. भुवया पुसलेले चेहरे ओळखणं लोकांना जास्त जड गेलं. भुवई गडद असते, जाड असते, लांबून दिसते आणि चित्र लहान झालं तरी टिकते. कपाळावर दोन रेघा जागच्या जागी असल्या, की उरलेला चेहरा बघणाऱ्याचं मन भरून काढतं.

याच्याही आधी, १९७३ मध्ये, बेल लॅब्जमधल्या लिऑन हार्मन यांनी अब्राहम लिंकनचं एक चित्र छापलं होतं. जवळपास अडीचशे करड्या चौकोनांचं. जवळून पाहिलं तर भिंतीवरच्या टाइल्स. डोळे किलकिले करून पाहिलं किंवा खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलं, की दाढी, खोल गेलेले डोळे, रुंद कपाळ असा साक्षात लिंकन. साल्वादोर दालीला या चित्रानं एवढं झपाटलं, की १९७६ मध्ये त्यानं त्यावरून एक भलंमोठं तैलचित्र रंगवलं. जवळून समुद्राकडे पाहणारी स्त्री, लांबून लिंकन.

किलकिल्या डोळ्यांनी चित्र अंधूक होतं आणि अंधूक झालं की ओळखू येतं. ऐकायला हे उफराटं वाटतं, पण कारण साधं आहे. चौकोनांच्या तीक्ष्ण कडा ही खोटी माहिती. लिंकनच्या चेहऱ्यावर तसल्या कडा नव्हत्याच, त्या फोटोचे तुकडे करताना आल्या. आपली नजर त्या कडांनाच धरून बसते. डोळे बारीक केले की कडा पुसल्या जातात आणि त्यांच्यामागे लपलेला चेहरा मोकळा होतो. मी लेकीला डोळे किलकिले करून तिचं छोटं चित्र बघायला सांगितलं. ती ओरडलीच, “आई, नथ पण दिसल्यासारखी वाटतेय!” नथ तिथे नव्हती. नथ तिला आठवत होती.

जगातलं पहिलं संगणकीय छायाचित्र हेही एक छोटंसं मुखचित्रच होतं, हे मला फार हृद्य वाटतं. १९५७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल किर्श यांनी फोटो संगणकात भरणारं यंत्र बांधलं आणि त्यात पहिला फोटो ठेवला तो आपल्या तीन महिन्यांच्या बाळाचा, वॉल्डनचा. पाच सेंटिमीटरांचा चौकोन, १७६ बाय १७६ ठिपके. त्या काळच्या संगणकाच्या स्मृतीत याहून मोठं चित्र मावतच नव्हतं. समोर एवढं नवं यंत्र असताना बापाला पहिल्यांदा बाळाचा चेहराच आठवला! ठिपके चौकोनी ठेवण्याचा निर्णयही त्यांचाच. पुढे त्यांना त्याची खंत वाटत राहिली आणि आयुष्याच्या उतारवयातही ते त्यावर उपाय शोधत होते. २०२० मध्ये, ९१ व्या वर्षी ते गेले. त्यांनी घातलेली चौकोनी जाळी आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे.

आम्ही मूळ फोटो पुन्हा उघडला. या वेळी फक्त चेहरा, खांदे आणि केसांतला गजरा ठेवून नऊशे ठिपक्यांचा चौकोन कापला आणि मग शंभरावर आणला. आता चेहरा पस्तीस ठिपके रुंद झाला आणि नथीच्या वाट्याला चार ठिपक्यांची रुंदी आली. इथे पहिला धडा मिळाला. छोटं चित्र करायचं तर आधी ठरवावं लागतं, की काय सोडायचं. गौर सोडावी लागली, आरास सोडावी लागली, परकराचे काठ सोडावे लागले. लेकीला गौर सोडताना वाईट वाटलं. मलाही.

दुसरा धडा पोलक्यानं दिला. खणाची वीण किती बारीक असते! लहान करताना लेकीनं चुकून असा पर्याय निवडला होता, की संगणक आठ-आठ ठिपके ओलांडून नववा उचलत गेला आणि मधल्यांकडे त्यानं पाहिलंच नाही. खणावर लाटा उठल्या. कुठल्याही खणावर नसलेल्या, तिरप्या, रुंद, पाण्यावर उठाव्यात तशा लाटा. चालत्या गाडीचं चाक सिनेमात उलटं फिरताना दिसतं, त्याच जातीचा हा भास. बारीक नक्षी तुरळक जागी तपासली की तिच्या जागी एक खोटीच जाड नक्षी उगवते. उपाय पुन्हा तोच, उफराटा: आधी चित्र जरासं अंधूक करायचं, मग लहान करायचं. चांगले चित्रसंपादक हे काम आपण न सांगताच करतात. आजूबाजूच्या सगळ्या ठिपक्यांची सरासरी घेऊन मगच नवा ठिपका लिहितात.

पण सरासरीतही एक मेख आहे. संगणक प्रत्येक ठिपक्याचा लाल, हिरवा आणि निळा अंश शून्य ते २५५ या आकड्यांत लिहितो. काळा शून्य, पांढरा २५५. दोन्ही सारखे मिसळले तर मधला आकडा १२८ यावा, असं कुणीही म्हणेल. मात्र पडद्यावर १२८ हा आकडा पांढऱ्याच्या निम्मा प्रकाश देत नाही, जेमतेम बावीस टक्के देतो. निम्म्या प्रकाशाचा आकडा १८८ च्या आसपास आहे. हे आकडे प्रकाशाच्या मापानं नव्हे, आपल्या डोळ्याच्या अंदाजानं मांडलेले असतात. अंधारातले बारीक फरक डोळ्याला जास्त कळतात, म्हणून तिकडे आकडे जास्त खर्ची घातले आहेत. त्यामुळे जो संपादक नुसत्या आकड्यांची सरासरी काढतो, त्याच्या हाती गडद कापडावरची बारीक जर काळवंडते आणि मोत्यांचं तेज जातं. आजीच्या नथीचा मळकट ठिपका असाच झाला असणार.

म्हणून नथ हातानं काढायची ठरली. चित्र आठपट मोठं करून लेक एकेक ठिपका भरू लागली आणि मला माझ्या आईच्या हातातली दुसुती आठवली. दुसुतीच्या कापडावर उभे-आडवे धागे मोजून फुल्या घालायच्या. सरळ वाकडं काही नाही, फक्त मोजणी. चार फुल्या उजवीकडे, एक वर, तीन डावीकडे, आणि बघता बघता पोपट. १९८३-८४ मध्ये सुझन केअर यांनी पहिल्या मॅकिंटॉश संगणकासाठी चित्रखुणा काढल्या, त्या नेमक्या याच रीतीनं. ३२ बाय ३२ चौकटींच्या आलेखाच्या वहीत, एकेक घर रंगवून. १,०२४ घरं आणि रंग दोनच, काळा आणि पांढरा. त्यातून त्यांनी हसरा संगणक काढला, कचऱ्याची बादली काढली. त्या मूळच्या शिल्पकार. हे काम मोझेइक आणि भरतकामाच्या फार जवळचं आहे, असं त्या सांगत आल्या आहेत. आमच्या आईनं मॅकिंटॉश कधी पाहिला नाही, पण ती वही तिला लगेच कळली असती.

नथीत सर्वांत मोलाचा निघाला तो एकच ठिपका, अगदी शुभ्र. मोत्याचे तीन ठिपके आधी आम्ही सारखेच दुधाळ ठेवले होते. ते तांदळाच्या दाण्यांसारखे दिसत होते. त्यांतला वरचा एक पूर्ण पांढरा केला आणि मोती चमकला. त्याच्या खाली गडद तपकिरी ठिपका, सावलीचा, ठेवला तेव्हा नथ गालापासून सुटून पुढे आली. एवढ्याशा जागेत उजेड आणि सावली शेजारी-शेजारी ठेवली, की मन त्यातून गोलाई तयार करतं. लेकीनं सावलीचा ठिपका तीन वेळा काढून पुन्हा घातला. दर वेळी नथ गालावर चिकटायची आणि सुटायची.

या चित्राला इंग्रजीत जो शब्द आहे तो आपलाच: अवतार. वरून खाली उतरलेला. १९८६ मध्ये लुकासफिल्म गेम्सच्या ‘हॅबिटाट’ या खेळात, पडद्यावर आपल्या वतीनं चालणाऱ्या-बोलणाऱ्या आकृतीला हा शब्द लावला गेला आणि तिथून तो जगभर गेला. आम्हा कोकणातल्या माणसांना तो नवा कुठला! रात्र-रात्र चालणारी दशावतारी नाटकं बघत आम्ही वाढलो. नट स्वतःच आरशासमोर बसून स्वतःचा चेहरा रंगवतो आणि उठतो तो देव होऊन. शिवाय विस्कटलेल्या केसांनी बाहेर निघालं, की “हा काय अवतार केलायस?” हेही आईकडून रोजचं.

पण छोटासा, गोल, नक्षीदार अवतार पाहायचा असेल तर तो आमच्या सावंतवाडीतच पाहावा. गंजिफा. पत्त्यांचा हा खेळ इराणकडून मोगलांबरोबर आला. १५२७ च्या सुमाराच्या आपल्या आठवणींत बाबरानं गंजिफा पाठवल्याची नोंद केली आहे. भारतात येऊन पत्ते गोल झाले आणि त्यांच्यावर विष्णूचे दहा अवतार उतरले. दशावतारी गंजिफात दहा रंग, प्रत्येक रंगाचे बारा पत्ते, एकूण १२०. राजा, प्रधान आणि एकपासून दहापर्यंत. राजाच्या पत्त्यावर खुद्द अवताराचं चित्र आणि मोजणीच्या पत्त्यांवर त्याची फक्त खूण. मत्स्याचा मासा, कूर्माचं कासव, परशुरामाचा परशू. दहाच्या पत्त्यावर हाताच्या तळव्याहून लहान वर्तुळात दहा मासे बसवायचे आणि तरी तो मासाच दिसला पाहिजे! काय ठेवायचं, काय सोडायचं, हा आमचा रविवारचा प्रश्न सावंतवाडीच्या चितारी घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोडवला. चिंचोक्याच्या खळीनं चिकटवलेले थर, वर रंग, त्यावर लाखेचा लेप. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ही कला जवळजवळ संपली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी स्वतः ती शिकून १९७०च्या दशकात पुन्हा उभी केली, आणि आजही सावंतवाडीच्या राजवाड्यात कलाकार बसून गंजिफा रंगवताना दिसतात.

आमच्या दिवाणखान्यातल्या कपाटात असा एक संच आहे. मी त्यातला मत्स्याचा राजा काढून लेकीसमोर ठेवला. तिनं बराच वेळ पाहिलं आणि ठरवलं, की आपलं चित्रही गोल हवं, काठ असलेलं.

चौकोनी ठिपक्यांच्या जाळीत वर्तुळ कसं काढणार? शंभर ठिपके व्यासाच्या वर्तुळात सुमारे ७,८५४ ठिपके येतात आणि बाहेर २,१४६ राहतात. हिशोब सोपा आहे, अडचण कडेवर आहे. एखादा ठिपका आत घ्यायचा की बाहेर टाकायचा, एवढाच निवाडा केला तर कड जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसते. म्हणून कडेवरच्या ठिपक्याला विचारायचं, तुझा किती भाग वर्तुळात आहे? चाळीस टक्के असेल तर चाळीस टक्के रंग आपला आणि साठ टक्के मागच्या पार्श्वभूमीचा. असे अर्धेमुर्धे ठिपके ओळीनं बसले, की जिना नाहीसा होतो आणि कड चंद्रकोरीसारखी गुळगुळीत भासते.

यासाठी लाल, हिरवा, निळा या तिघांच्या जोडीला चौथा आकडा लागतो. ठिपका किती भरीव आणि किती पारदर्शक, ते सांगणारा. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी तो आकडा चित्रातच साठवायची युक्ती काढली. दोन रंग मिसळायच्या गणिती सूत्रात मिश्रणाचं प्रमाण ग्रीक ‘अल्फा’ या अक्षरानं लिहितात, म्हणून त्याला अल्फा म्हणू लागले. अल्फारेटाच्या घरात बसून अल्फा शिकवताना मला उगाच आनंद झाला. आमच्या गावाचं नाव १८५८ चं. एकोणिसाव्या शतकातल्या एका लोकप्रिय गाण्यातल्या ‘अल्फाराटा’ या मुलीवरून ते आलं असं काही मानतात, काही ग्रीक अक्षराकडे बोट दाखवतात. चित्रातल्या अल्फाशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण लेकीनं तो आकडा आता जन्मभर लक्षात ठेवला.

काठ वेगळ्या थरावर काढला. एकावर एक ठेवलेल्या काचेच्या तावदानांसारखे हे थर. चेहरा खालच्या काचेवर, नथ मधल्या, काठ वरच्या. काठ बिघडला तर चेहऱ्याला धक्का लागत नाही. फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आलं, पण त्यात थर आले १९९४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. त्याआधीची माणसं एकाच कापडावर सगळं रंगवत होती आणि त्यांना माघार फारशी नव्हती.

काठाचा रंग कुठला? हे मात्र माझं. जॉर्जियाची माती लाल आहे. पाऊस पडून गेला की अंगणाच्या कडेनं तांबडं पाणी वाहतं आणि पांढऱ्या मोज्यांवरचे डाग निघता निघत नाहीत. या मातीत लोहाचं ऑक्साइड आहे, कोकणच्या जांभ्यातही तेच. मी अंगणातल्या मातीचा फोटो काढला आणि दुसरा, आजीच्या घराच्या जांभ्याच्या गडग्याचा, फोनमध्ये होताच. संपादकातला रंग उचलायचा ड्रॉपर दोन्हींवर टेकवला. दोन लाल इतके जवळचे निघाले, की कुठला कुठला हे लेकीला सांगता येईना. अल्फारेटाच्या मातीचा बाहेरचा काठ, सावंतवाडीच्या चिऱ्याचा आतला. मधे एक-एक ठिपका सोडून सोनेरी मणी.

तिला तळाशी स्वतःचं नावही हवं होतं. इथे देवनागरीनं आमची परीक्षा घेतली. रोमन अक्षरं पाच ठिपक्यांच्या उंचीत वाचता येतात. आपलं अक्षर तीन मजल्यांचं. वर वेलांटी आणि मात्रा, मधे अक्षराचा देह, खाली उकार. तिच्या नावात वेलांटीही आहे आणि उकारही. मोजून पाहिलं तर अकरा ठिपक्यांखाली नाव वाचताच येईना. शिवाय शिरोरेषा. ती ठिपक्यांच्या एका ओळीवर बरोब्बर बसली तर काळीभोर दिसते. अर्धा ठिपका खाली-वर झाली, की दोन ओळींत वाटली जाऊन करडी, फुगीर होते आणि सगळं नाव धुरकटतं. नाव अर्ध्या ठिपक्यानं वर सरकवलं आणि ते एकदम लख्ख झालं. मग काठासाठी जागा उरेना, म्हणून फक्त पहिलं अक्षर ठेवलं. शंभर ठिपक्यांत नथ आणि नाव दोन्ही सुखानं नांदत नाहीत. तिनं नथ निवडली.

जतन करताना पीएनजी निवडलं. जेपीजीमध्ये चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे तुकडे करून प्रत्येकातला बारकावा थोडाथोडा टाकून देतात. मोठ्या फोटोत ते जाणवतही नाही. आमची सगळी नथ मात्र अशाच एखाद्या तुकड्यात मावली असती आणि तिच्याभोवती धुरळा उठला असता. पीएनजी एकही ठिपका बदलत नाही, आणि अल्फाही सांभाळतं.

संध्याकाळी, म्हणजे भारतातल्या पहाटे, चित्र आजीला पाठवलं. तिनं चष्मा न लावता पाहिलं आणि लगेच फोन केला. “माझी नथ घातलीस होय गो?” तिनं विचारलं. नातीनं तिला ठिपके किती ते सांगितलं नाही.

त्या रात्री मी माझ्या बाबांचा फोटो शोधत बसले. ते गेले त्याला सहा वर्षं झाली. त्यांच्या अंगणात, गडग्याला टेकून हसतानाचा एक फोटो होता. घरातल्या कुणी तरी डीपीसाठी तो कापून लहान केला, मूळ फोटो ज्या फोनमध्ये होता तो बिघडला, आणि आता सगळ्यांकडे फिरतो तो ९६ बाय ९६ ठिपक्यांचा तुकडा. मी तो मोठा करून पाहिला. त्यांच्या गालावर एक बारीक व्रण होता, तो कुठल्या तरी सरासरीत मिसळून गेला आहे. ऐंशी ठिपक्यांचा एक झाला, की त्या एकावरून ते ऐंशी परत सांगता येत नाहीत, कारण एकाच सरासरीचे ऐंशी आकडे अगणित प्रकारे असू शकतात. हल्ली अशी चित्रं मोठी करून देणारी साधनं निघाली आहेत. ती दुसऱ्या हजारो चेहऱ्यांवरून अंदाज बांधून गाल भरतात. तो गाल गुळगुळीत येतो. बाबांचा नसतो.

म्हणून एवढं कराच. डीपी हौसेनं करा, मुलांबरोबर बसून करा, ठिपका न् ठिपका मोजून करा. पण आधी मूळ फोटोची प्रत काढा आणि जे काय कापायचं, लहान करायचं ते त्या प्रतीवर करा. मूळ फोटो वेगळ्या जागी ठेवा, त्यावर कोण आहे, कुठे आणि कधी काढला ते लिहून ठेवा, आणि फोन बदलण्याआधी तो दोन ठिकाणी आहे ना, ते तपासा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या फोटोपासून, आज रात्रीच सुरुवात करा.